कातळवेळचा पहिला माणूस

‘‘आमी मागसून इलव,’’ धाकू येरागी म्हणाले. ‘‘पयले कोयंडे. तेंका विचारा.’’

मी वहीत त्या वाक्यासमोर वेळ लिहिली. सोमवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेळ लिहायचं कारण असं की, अर्ध्या तासापूर्वी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला चंद्रावती कोयंडे यांनी मला अगदी हेच सांगितलं होतं. फक्त नावं उलटी.

‘‘त्या म्हणतात, येरागी पहिले.’’

‘‘म्हणतली. तिका काय जाता म्हणूक?’’

‘‘मग खरं काय?’’

‘‘मिया सांगलय ता.’’ धाकू अंगणातल्या दगडावर बसले होते. दाढीची पांढरी खुंटं वाढलेली, खांद्यावर पंचा. ‘‘आमचे म्हातारे सांगीत. आमची होडी हय लागली, तेवा वाळवेर कोयंड्यांचो कुत्रो होतो. तो आमच्यार भुकलो. आता कुत्रो आसा म्हणजे तेचो धनी आसतलोच ना?’’

‘‘चंद्रावतीबाई सांगतात, त्यांची होडी लागली तेव्हा येराग्यांच्या चुलीचा धूर दिसत होता.’’

‘‘चुलीचो धूर लांबसून दिसता. कुत्रो जवळ येता. तुमी शिकलेले, तुमीच बघा.’’

मी वही मिटली. फेब्रुवारीचं ऊन होतं, मी दोनदा ती वाळू तुडवली होती, आणि या माणसाने मला चहा सोडाच, तांब्याभर पाणीही विचारलं नव्हतं. कोकणात मी अकरा वर्षं बातमीदारी केली, पण पाणी न विचारणारं घर पहिल्यांदाच पाहत होतो. तेही मी वहीत लिहून ठेवलं. मनात राग होता म्हणून लिहिलं, हे कबूल करतो.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी एका जिल्हा दैनिकात होतो आणि ‘गावाची पहिली वस्ती’ नावाची लेखमाला लिहीत होतो. बेचाळीस गावं झाली होती. प्रत्येक गावात निदान दोन घराणी ‘आम्ही पहिले’ म्हणून एकमेकांच्या उरावर बसायची. एका ठिकाणी तर एकाने पांडवांना आपल्या अंगणात जेवू घातलं होतं, आणि दुसऱ्याने त्याच पांडवांना त्याच्याही आधी नाश्ता दिला होता. अशा माणसांतून खरं काढायचं कसं, हे मला येत होतं. आपण पहिले नाही, असं हट्टाने सांगणारी माणसं मात्र मला कधी भेटली नव्हती.

आणि कातळवेळला नुसत्या लेखाचा प्रश्न नव्हता. गावापुढचा दीड मैल किनारा कुठल्याशा मुंबईच्या कंपनीला हॉटेलसाठी हवा होता. कागदोपत्री ती जमीन ‘पडीक, वापर नाही’ अशी होती. गुरुवारी अकरा वाजता प्रांताधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. वकिलाने गावाला बजावलं होतं : इथे आधी कोण आलं, कधीपासून ही वाळू वापरात आहे, हे एका कागदावर लिहा आणि दोन्ही घराण्यांच्या कर्त्यांच्या सह्या आणा. कागद बुधवारी संध्याकाळपर्यंत हातात हवा. कागद नसेल तर किनारा गेला. जाळी कुठे सुकवणार, होड्या कुठे ओढणार, ते मग तुमचं तुम्ही बघा.

हा कागद लिहायला मला बोलावणारे शाळेचे हरमलकर गुरुजी होते. मी त्यांच्याकडेच उतरलो होतो.

‘‘गुरुजी, तुम्ही इथे किती वर्षं आहात?’’ संध्याकाळी मी विचारलं.

‘‘बावीस.’’

‘‘मग पहिले कोण?’’

गुरुजी कंदिलाची काच पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती. ‘‘मी कुडाळकडचा. बाहेरच्या माणसाने यात बोलू नये.’’

‘‘तुम्हीच मला बोलावलंत!’’

‘‘तुम्हीही बाहेरचे. म्हणून तर बोलावलं. तुमच्यापुढे तरी कोणी तोंड उघडेल असं वाटलं.’’

‘‘तोंड सगळेच उघडतायत. एक म्हणतो कुत्रा, एक म्हणते धूर. बहुतेक या गावात आधी कुत्रा आला, त्याने चूल पेटवली, आणि मग तो माणसांची वाट बघत बसला.’’

गुरुजी हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘नाबर, चिडू नका. बुधवारपर्यंत होईल काहीतरी.’’

काहीतरी होईल, या शब्दांवर मी अकरा वर्षांत एकही बातमी छापली नव्हती.

मंगळवारी सकाळी सहाला मी वाळूवर होतो. कोयंड्यांची रापण ओढणं चालू होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवरून बायका-पुरुष मिळून ओढतात. चंद्रावतीबाई साठीच्या पुढच्या, विधवा, कासोटा मारलेल्या. त्या दोरीवर होत्याच, शिवाय सगळ्यांना शिव्याही देत होत्या. मला पाहताच ओरडल्या, ‘‘ओ पेपरवाल्यानू, हात काय खिशात घालून ठेवलास? दोरीक लावा!’’

मी वही शर्टात खोचली आणि ओढू लागलो. पाऊण तासाने जाळं वर आलं तेव्हा माझे तळवे सोलले होते. बांगडा चांगला लागला होता. वाटे पडले आणि लगेच भांडणं सुरू झाली. एका बांगड्यावरून दोन सख्ख्या जावांनी एकमेकींच्या माहेरचा उद्धार केला. एका म्हाताऱ्याने आपला वाटा तीनदा परत ओतायला लावला. इतक्यात चंद्रावतीबाईंनी सहा बांगडे माझ्या पुढ्यात टाकले.

‘‘मला कशाला?’’

‘‘दोरीक हात लायलो तो वाटेकरी. हयचो कायदो. गप घे.’’

सहा बांगडे हातात धरून मी विचार करत होतो. ही काही नम्र माणसं नव्हती. एका मासोळीचा हक्क सोडायला कोणी तयार नव्हतं. आणि दीड मैल किनाऱ्यावरचा पहिला हक्क मात्र दोन्ही घराणी आगीतल्या निखाऱ्यासारखा एकमेकांच्या पदरात टाकत होती.

धाकू येरागी लांब उभे होते. हाताची घडी, खांद्यावर तोच पंचा.

‘‘तुम्ही ओढत नाही?’’ मी विचारलं.

‘‘खांदो दुखता.’’

‘‘आणि तुमची रापण? बांगड्याच्या दिवसांत बांधावर सुकतेय?’’

‘‘फाटली हा.’’

त्यांची रापण मी आदल्या दिवशी पाहिली होती. माडांना बांधलेल्या काठ्यांवर ती लांबच लांब पसरलेली होती. तिच्या बाजूने मी दोनदा चाललो होतो, आणि मला विणीतला तुटलेला एक डोळाही कुठे दिसला नव्हता. मी तसं म्हटलं.

‘‘तुमी पेपर लिवतास की जाळी विणतास?’’ धाकू म्हणाले आणि वळून चालू लागले.

त्या दिवशी मी सगळं करून पाहिलं. देवळात गेलो. होळीला पहिला नारळ कोणाचा, असं पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाला, दोन्ही घरं एकदम फोडतात, एक, दोन, तीन म्हणून. विहीर कोणी खणली? सगळ्यांनी. किनाऱ्यावरच्या पहिल्या माडाचं नाव? माडाक नाव कित्याक? पोस्टमास्तर, दुकानदार, तीन म्हाताऱ्या, सगळ्यांची उत्तरं मी लिहून घेतली. सोळा पानं भरली आणि त्यांत छापण्याजोगी एक ओळ नव्हती. रात्री जेवताना मी गुरुजींना सांगितलं, ‘‘उद्या एकच्या एसटीने मी निघतो. कोऱ्या कागदावर सही घ्यायची असेल तर ती तुम्ही घ्या.’’

गावाला दिवसातून एकच एसटी होती.

बुधवारी नऊ वाजता मी चंद्रावतीबाईंच्या दारात उभा राहिलो. त्या मासळीची पाटी धूत होत्या.

‘‘काकी, मी जातोय. पण जाताना एक सांगून जातो. उद्या तो साहेब विचारेल, ही वाळू कोणाची. तुम्ही म्हणाल त्यांची, ते म्हणतील तुमची. मग साहेब म्हणेल, म्हणजे कोणाचीच नाही. आणि ते बरोबरच आहे. पुढच्या वर्षी इथे भिंत उभी राहील. तेव्हा मला पत्र लिहू नका.’’

माझा आवाज चढला होता. शेजारच्या दोन बायका पदर सावरत बाहेर आल्या. चंद्रावतीबाईंनी पाटी पालथी घातली, हात पुसले.

‘‘धाकूभावान तुका पानी दिल्यान?’’

‘‘काय?’’

‘‘घराकडे गेललंस ना? पानी दिल्यान?’’

‘‘नाही दिलं. का?’’

‘‘चल माझ्यावांगडा.’’

त्या उत्तरेकडे चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागे. जिथे वाळू संपून काळा कातळ सुरू होतो, तिथे उंडीची चार झाडं होती. त्यांच्या सावलीत दगड होते. गुडघ्याइतके, ओळीने लावलेले, कसलंही नाव नसलेले. मी सवयीने मोजले. मागच्या ओळीत सतरा, शेवाळलेले. पुढच्या ओळीत चौदा.

‘‘हे कोणाचे?’’

‘‘कोणाचे नाय. दर्यान हाडून टाकलेले.’’

मग त्यांनी सांगितलं. मधे न थांबता, वाळूकडे बघत. कातळवेळची रीत अशी होती, की जो या वाळूवर पहिला आला तो वाळूचा धनी, आणि वाळूवर जो येईल तो धन्याचा पाहुणा. जिवंत आला तर जेवू घालायचं. मेलेला आला तर तो घरचाच. पोलीस येतात, लिहून घेतात, जातात. मग त्याला अग्नी द्यायचा, दहा दिवस सुतक धरायचं, दहाव्याला पिंड. सुतकात घरातलं जाळं पाण्याला लागायचं नाही. बाहेरच्याला त्या घरचं पाणीही चालायचं नाही. आणि तो पहिला मान कोयंड्यांचा होता. चंद्रावतीबाईंचे आजेसासरे छाती पुढे काढून सांगत, आमी पयले.

‘‘मगे आगबोट बुडाली. कार्तिकात. भर हंगामात. पयल्या दिसाक चार इले. दहा दिस झाले नाय तर आणखी तीन. तेंचे दहा झाले नाय तर दोन. अशे सतरा. माघापर्यंत कोयंड्यांची रापण काठयेर. खावक काय? पेज. मगे पेज पण नाय. दोन पोरां गेली त्या घरातली.’’ त्यांनी मागच्या ओळीकडे बोट केलं. ‘‘त्या पोरांका धोंडे हय नाय. ती घरची.’’

मग त्या पुन्हा आजेसासऱ्यांकडे वळल्या.

‘‘म्हातारो देवळात गेलो. नारळ ठेवन सांगल्यान, आमी पयले नाय. आमची होडी लागली तेवा येराग्यांचो धूर दिसा होतो. येरागी काय गप रवतले? तेनी कुत्रो काढल्यानी.’’

‘‘आणि त्यानंतर आलेल्यांचं कोणी केलं? हे चौदा?’’

‘‘कोण तरी करता. नाव सांगणा नाय. उजाडूच्या आधी येता, लाकडां रचता, पेटयता, धोंडो ठेवन जाता. गावात कोण विचारणा नाय.’’ शेवटच्या दगडापाशी त्या थांबल्या. त्याच्या बुडाची वाळू अजून सैल होती. ‘‘ह्यो नवो. आठ दिस झाले.’’

मी मागे वळून पाहिलं. किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माडांखाली, काठ्यांवर पसरलेलं ते जाळं उन्हात दिसत होतं. धड, कोरडं, कुठेही न फाटलेलं. आणि दाढीची खुंटं. आणि न विचारलेलं पाणी, ज्याची मी रागाने नोंद केली होती.

‘‘हे सगळे चौदा त्यांनीच?’’

‘‘आधी तेचो बापूस. मगे तो.’’

‘‘आणि तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘माका ठावक. सगळ्यांका ठावक. आमी गप रवलव. आमचा सतरांचा झाला, आता तेंचा होवंदे, असा म्हणत रवलव.’’ त्या दगडाशेजारी बसल्या. ‘‘माझो घोव बावीस वर्सां झाली, होडयेसकट गेलो. हय नाय लागलो. खय लागलो ता ठावक नाय. पण खयच्या तरी वाळवेर लागलोच आसतलो ना? थय कोण तरी पयलो आसतलो. तेना केल्यान आसतला. दहा दिस जाळी सुकत घातल्यान आसतली.’’ त्यांनी मान वर केली. ‘‘भिंत इली तर हय कोण करतलो? हॉटेलवालो?’’

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

‘‘लिव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोयंडे पयले. होतेच. सही खय करूची ता सांग.’’

मी तिथेच बसून लिहिलं. लेखमालेत बेचाळीस गावांत जमलं नव्हतं इतकं सरळ. घराणं, रीत, आगबोट, एकतीस दगड, पावलांनी मोजलेलं अंतर. आम्ही शाळेत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. गुरुजींनी कागदाची नीट प्रत काढली. चंद्रावतीबाईंनी सही केली, प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे बसवत. आता एकच सही राहिली होती. गुरुजी धाकूंना आणायला गेले आणि मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

धाकू आले ते साडेबाराला. पायरीवरच थांबले, आत आले नाहीत. गुरुजींनी बाहेर जाऊन कागद वाचून दाखवला. ‘कोयंडे घराणे प्रथम आले’ या ओळीवर धाकूंनी हात वर केला.

‘‘ह्या खोटा.’’

‘‘धाकूभाव, सही कर,’’ चंद्रावतीबाई आतून म्हणाल्या.

‘‘वयनी, तुझ्या घरात रापण ओढूक आता कोण हा? तू आणि दोन सुनो. पुढच्या हंगामात कोण इलो तर दहा दिस बसतलंस? काय खातलंस?’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘खोडा ता. येरागी पयले लिवा.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ‘‘परवा तुम्ही कुत्र्याची शपथ घेत होतात!’’

‘‘कुत्रो खोटो.’’

‘‘कुत्रो खरो!’’ चंद्रावतीबाई दारात आल्या. ‘‘कोयंड्यांचोच होतो. काळो, कान तुटको. माझो सासरो सांगी.’’

‘‘आणि धूर? धूर कोणाचो? तूच सांगलंस, येराग्यांचो!’’

‘‘धूर नव्हतोच! धुका होता ता!’’

‘‘भर दुपारी धुका?’’

शाळेची पोरं खिडकीला लटकली. चार घरांतली माणसं जमली. पाऊण वाजला. ज्या दोन माणसांनी दोन दिवस मला ‘आम्ही नंतर’ म्हणून रडवलं होतं, ती आता ‘आम्ही पहिले’ म्हणून शाळेच्या पायरीवर शिरा ताणून भांडत होती. गावाबाहेर एसटीचा हॉर्न वाजला. पंधरा मिनिटं आधीच आली होती, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

‘‘गप बसा!’’ मी ओरडलो. आवाज इतका मोठा होता की गुरुजींनी हातातली दौत सावरली. मी कागद ओढून घेतला. ‘कोयंडे घराणे’ या शब्दांच्या पुढे वर काकपद काढून ‘व येरागी घराणे’ असं घातलं. बाकी एक शब्द बदलला नाही. ‘‘दोघं पहिले. एकाच दिवशी, एकाच भरतीला. आता सही करा, नाहीतर ही गाडी गेली आणि तुमची वाळूही गेली.’’

‘‘दोघां पयले कशी आसतली?’’ धाकू म्हणाले. ‘‘ह्या खरा नाय.’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘करा सही.’’

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. धाकूंनी पंच्याला हात पुसले, कागद पायरीवर ठेवून सही केली. मी आणि गुरुजी धावत सुटलो. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं आहे हे ठाऊक असलेलं वाक्य लिहिलं होतं. शुक्रवारी ते माझ्या नावासह छापूनही आलं, कारण लेखातही मला दुसरं काही लिहिता आलं नाही.

सुनावणीत साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. दोन घराणी पहिली कशी, असं त्यांनी विचारलं, तर दोन्हीकडून एकदम उत्तर आलं आणि पुन्हा भांडण जुंपलं. साहेब वैतागले. पण मग त्यांनी एकतीस दगडांविषयीचा मजकूर वाचला आणि कागद फाइलला लावून घेतला. तीन महिन्यांनी ‘पडीक, वापर नाही’ हे शब्द त्या जमिनीवरून निघाले.

पुढच्या कार्तिकात गुरुजींचं कार्ड आलं. ते अजून माझ्याकडे आहे.

‘‘सप्रेम नमस्कार. गेल्या सोमवारी एक जण आला. कुठला, ते कळले नाही. अग्नी दिवसाउजेडी दिला, सगळे गाव हजर होते. दोन्ही घरांच्या रापणी दहा दिवस काठ्यांवर आहेत आणि बांगडा समोरून चालला आहे. धाकू म्हणतात, पेपरवाल्याने एकच नाव लिहिले असते तर एकाच घराचे दहा दिवस गेले असते. तुमच्यावर फार चिडले आहेत. चंद्रावतीबाईंचा वेगळा निरोप आहे. त्यांनी विचारले, पेपरात चूक छापली तर नंतर काय करतात? मी सांगितले, शुद्धिपत्रक देतात. त्या म्हणाल्या, त्याला कळवा, देऊ नको.’’

मी दिलं नाही.